बांधलेला माणूस

“खिडकी लावा ना हो, कधीची ओरडतेय मी,” असं म्हणत योगिता स्वयंपाकघरातून खोकत बाहेर आली आणि ओढणीनं नाक दाबून तिनंच खिडकी धाडकन लावून घेतली, तेव्हा गोकुळ त्याच खिडकीपाशी चहाचा कप धरून उभा होता. समोरच्या उतारावर कुणीतरी मागे राहिलेला राब आज भाजायला घेतला होता. शेण, पालापाचोळा, तोडून वाळवलेल्या फांद्या असं सगळं पेरणीच्या तुकड्यावर पसरून पेटवलं की जो पिवळट धूर निघतो तो थेट जव्हारच्या या चाळीत शिरतो, आणि मे महिन्यात इथं राहणारा माणूस त्याला रोज शिव्या घालतो. गोकुळला धूर दिसत होता. डोळे चुरचुरत होते. पण धुराच्या आत जे असायला हवं ते नव्हतं. नाकात नुसती गरम हवा जात होती आणि येत होती.

“एवढा वास सुटलाय आणि तुम्ही आपले उभे,” योगिता म्हणाली. “येत नाही का तुम्हाला?”

“येतो की,” तो म्हणाला आणि कप घेऊन मोरीकडे गेला.

खोटं बोलायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडातून ते आपोआप गेलं, कचेरीत साहेबानं ‘झालं का’ विचारलं की ‘होतंय’ म्हणतो तसं. मोरीत त्यानं साबणाची वडी नाकाला लावली. वडी गार आणि बुळबुळीत होती, बाकी काही नाही. फिनेलच्या बाटलीचं बूच काढलं. डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे आत काहीतरी होतं, पण ते काय होतं हे डोळ्यांनाच कळलं, नाकाला नाही. मग योगिता अंगणात कपडे वाळत घालायला गेली तशी त्यानं फडताळातली हिंगाची डबी काढली आणि तोंडाशी धरून जोरात श्वास ओढला. रोज दहा वेळा ‘साहेब’ म्हणवून घेतलेला, दोन्ही डोस घेतलेला, सरकारी लिपिक सकाळी सकाळी हिंग हुंगत उभा आहे, हे दृश्य बाहेरून कसं दिसत असेल याचं त्याला हसू आलं. हिंग नव्हता. डबी होती, पिवळी पूड होती, हिंग नव्हता. त्यानं डबी लावून जागच्या जागी ठेवली.

सर्दी झाली होती हे खरं. मागच्या आठवड्यात घसा धरला होता, अंग किंचित मोडून आलं होतं, दोन-तीन दिवस शिंका येत होत्या. उन्हाळ्याची सर्दी, फ्रीजचं पाणी कमी प्या, असं योगिता म्हणाली होती. कचेरीत कुणी शिंकलं की सगळे खुर्च्या मागे ओढत, पण गोकुळ शिंकला तेव्हा कुणी ओढली नाही, कारण कचेरीतल्या सगळ्यांनीच फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही सुया घेतल्या होत्या, आणि दोन घेतल्या की माणूस वाघ, असं तिथं रोज कुणीतरी म्हणत असे. वाघाला सर्दी होते, एवढंच. ताप आला नव्हता. म्हणजे आला असेल तर त्यानं बघितला नव्हता. आता तो पलंगाच्या कडेवर बसला आणि आठवायला लागला की वास शेवटचा कधी आला होता. हे आठवणं भलतंच अवघड निघालं. माणसाला वास आलेला आठवतो, न आलेला आठवत नाही. काल कचेरीत काय होतं? हातावर चोळायचं ते औषध; गार लागलं होतं, एवढंच. परवा डाळ करपली म्हणून योगिता चिडली होती आणि तो मुकाट्यानं दोन वाट्या जेवला होता. तिला वाटलं शहाणपणानं जेवला. त्याच्या आधी? एकेक दिवस मागे जाताना विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं गार वाटत होतं, आणि खाली रविवार होता हे त्याला आधीपासून माहीत होतं. तो मुद्दाम सावकाश उतरत होता.

रविवारी तो पाड्यावर गेला होता. मोखाड्याच्या पुढे, पोशेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत बारा-पंधरा घरांचा त्याचा पाडा. आई हिराबाई तिथंच राहते, आणि धाकटी बहीण चैती पहिल्या बाळंतपणाला तिथं आलेली. आठवा महिना. चैतीला बोंबलांचे डोहाळे लागले होते. बाजार बंद, पण धोंडीबाई मागच्या दारानं सुकट-बोंबील विकायची, तिच्याकडून त्यानं घेतले. पिशवी देताना धोंडीबाई हसून म्हणाली होती, “साहेब, तोंड घट्ट बांधा पिशवीचं, नायतर मोखाड्याचे कुत्रे येतील मागून.” एरवी बोंबील न्यायचे म्हणजे त्याच्या जिवावर येई. लहानपणी त्यावरच वाढलेला, पण जव्हारला नोकरी लागल्यापासून नाक नाजूक झालेलं. पिशवी मागच्या सीटला बांधायची, तरी वळणावर वारा फिरला की मान वळवून घ्यायची. आणि या रविवारी पिशवी पुढं, हँडलला, गुडघ्यापाशी होती. शिरपामाळ बघायला येणाऱ्या मुंबईच्या गाड्या बंद झालेल्या, रस्ता मोकळा, दोन्हीकडं करवंदीला काळी करवंदं लगडलेली, आणि तो शीळ घालत गेला होता. किती आरामात गेला होता. नाक मुरडल्याचं त्याला आठवत नव्हतं. एकदाही नाही.

म्हणजे रविवारी तो ते घेऊन गेला होता.

त्यानं उठून पंखा लावला, बंद केला. बाहेर योगिता शेजारणीशी मोठ्यानं बोलत होती, साखर, शाळेची ऑनलाइन हजेरी, कुणाच्या तरी दिराला डहाणूला नेलं आणि पुढं काय झालं ते. कुणालाही कुठंही नेलं की पुढं काय झालं हे त्या महिन्यात कुणी पूर्ण सांगत नसे. त्यानं माघ्याला फोन लावला. माघ्या म्हणजे चैतीचा नवरा. फोन संपर्काबाहेर होता. असणारच होता, पाड्यावर रेंज फक्त वरच्या खडकावर उभं राहिलं की येते. तरी त्यानं पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि त्या बाईचं तेच वाक्य तीन भाषांत ऐकत बसला.

माघ्या तर पाड्यात नव्हताच. तो भिवंडीहून चालत आला होता, आणि त्याला आत घेतला नव्हता. पाडा बांधला होता. पूर्वी पटकीच्या साथीत पाडा बांधत, हे सुकऱ्याबाबानं आपल्या बापाकडून ऐकलं होतं, आणि या वर्षी खालच्या गावात एकापाठोपाठ माणसं गेल्यावर पाड्यात सगळ्यांत म्हातारा असलेल्या सुकऱ्याबाबानं ते पुन्हा करायला लावलं. वाटेवर करवंदीच्या काट्यांचं कुंपण आणि मध्ये एक आडवा बांबू. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. बाहेरून काही आलं तर वेशीवरच्या करंजाखाली दगडावर ठेवायचं. ठेवणारा दिसेनासा झाल्यावर, एक ऊन आणि एक रात्र त्यावरून गेल्यावर, मग उचलायचं. त्या दिवसांत जव्हारला दुकानांपुढं चुन्याची वर्तुळं काढलेली होती आणि लोक दोघं-दोघं एका वर्तुळात उभं राहून गप्पा मारत होते. पाड्यावर असला चावटपणा नव्हता. जावई असला तरी ठरलेले दिवस भरेपर्यंत माघ्या शेतातल्या झोपड्यात, कुंपणाच्या बाहेर. संध्याकाळी तो बांधावर उभा राहून हाका मारायचा आणि चैती घराच्या ओट्यावरून उत्तर द्यायची, आणि सगळा पाडा त्या दोघांचं बोलणं ऐकून हसायचा. फक्त गोकुळसाठी बांबू उचलला जायचा.

त्यालाही कारण होतं. पटकीच्या वेळी सगळ्यांना वेस बंद असली तरी भगत ये-जा करायचा, कारण रोगाची टोपली डोक्यावर घेऊन वेशीबाहेर टाकून येणारा तोच. त्याच्या दंडाला दोरा असे. तो बांधलेला, त्याला लागत नाही. एप्रिलमध्ये गोकुळनं शर्टाची बाही वर करून दंड दाखवला तेव्हा सुकऱ्याबाबानं खरखरीत अंगठ्यानं सुईची जागा दाबून बघितली होती. “अठंच ना?” “हां बाबा, अठंच. दोन वेळां.” म्हातारा अंगठा तसाच ठेवून बाकीच्यांकडं वळला आणि म्हणाला, “हा बांधलेला.” झालं. त्या दिवसापासून दर रविवारी गोकुळची मोटारसायकल खालच्या वळणावर वाजली की कुणीतरी धावत येऊन बांबू उचलायचं, आणि तो काट्यांच्या मधून, सगळ्या बंद जगातला एकटाच उघड्या वाटेचा माणूस, तेल, मीठ, गोळ्या घेऊन आत जायचा. त्याला ते आवडत होतं. फार आवडत होतं. कचेरीत वीस वर्षं काढली तरी कुणी त्याच्यासाठी उठून दार उघडलं नसतं.

पण सुकऱ्याबाबाला हे सुचलं ते उगाच नाही, गोकुळनंच त्याच्या हातात दिलं. एप्रिलच्या सुरुवातीला, पाडा बांधायच्या आधी, लशीचं पथक पाड्यावर आलं तेव्हा जीप दिसताच अर्धा पाडा रानात पळाला होता. राहिले ते सात-आठ म्हातारे, चैती, आणि ओट्यावर झोपलेलं कुत्रं. डॉक्टर पोरगेलासा होता, लातूरकडचा असावा, बिचारा घामाघूम होऊन नीट सांगत होता: लस घेतली तरी आजार होऊ शकतो, पण सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून घेतल्यावरही तोंड झाका, अंतर ठेवा. मग तो गोकुळकडं बघून म्हणाला, “साहेब, तुमच्या बोलीत सांगा यांना.” आणि गोकुळनं म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं बघितलं. ती तोंडं त्याला माहीत होती. ‘पण’ आणि ‘तरी’ आले की त्या तोंडांवर एक झाकण पडतं. सरकारचं प्रत्येक फसवं आश्वासन असंच ‘पण’नं सुरू झालेलं असतं. रानात पळालेल्यांना परत आणायचं तर एक छोटं, सरळ वाक्य पाहिजे होतं. तो म्हणाला, “घेतली का लागत नाय.” डॉक्टर एवढं बोलला आणि तुम्ही एवढंच सांगितलंत, असं बरोबरची नर्स हसून म्हणाली होती. तोही हसला होता. तरी त्या दिवशी कुणी घेतली नाहीच. एकटी चैती पुढं झाली, बाही सावरत, मना द्या म्हणाली, आणि नर्सनं तिच्या पोटाकडं बघून मान हलवली. गरोदर बायांना अजून द्यायची परवानगी आली नव्हती. सगळ्या पाड्यात जिला हवी होती तिलाच मिळाली नाही. ती बाही खाली ओढत म्हणाली होती, “ऱ्हाऊ दे. दादाला टोचली ना, मग घरात आली ती.”

जीप दिसली की माणसं का पळतात हे डॉक्टरला कळत नव्हतं, गोकुळला कळत होतं. त्याची मावशी वावर गावात दिलेली. तो पाच-सहा वर्षांचा असताना आईबरोबर तिकडं गेला होता, ज्या साली वावर-वांगणीची पोरं कुपोषणानं गेली त्या साली. मावशीचा एक पोरगा होता, त्याच्याच वयाचा, पोट पुढं आलेला, ओठांच्या कडा फाटलेला, दगडांशी खेळणारा. मग जीपा आल्या. स्वच्छ शर्ट घातलेली माणसं उतरली, झाडाच्या फांदीला काटा टांगला आणि एकेका पोराला कापडाच्या झोळीत घालून तोललं. मावशीचा पोरगा झोळीत बसून हसत होता, झोका वाटला असावा त्याला. पुढच्या खेपेला तो नव्हता. लहान गोकुळच्या डोक्यात ते पक्कं बसलं: जीप येते, काट्याला टांगतात, मग पोर राहत नाही. पुढं शिकल्यावर त्याला समजलं की क्रम उलटा होता, पोरं आधीच मरत होती आणि जीप उशिरा आली होती. हे समजलं तेव्हा त्याला पाड्यातल्या सगळ्यांपेक्षा उंच झाल्यासारखं वाटलं होतं. आता पलंगाच्या कडेवर बसून त्याला कळत होतं की जन्मभर चुकीची म्हणून हसण्यावारी नेलेली ती भीती या वेळी बरोबर निघाली आहे. या वेळी आजार पाड्यात नव्हताच. बाहेरून आलेला माणूसच तो घेऊन गेला होता, आणि जाताना शीळ घालत होता.

रविवारी आत गेल्यावर त्याच्या तोंडाला मास्क होता. होता, हे त्याला नक्की आठवत होतं. ओट्यावर टेकल्या टेकल्या चैतीनं हात पुढं करून तो हनुवटीखाली ओढला होता. “आपलेच घरात कशाला तोंड बांधतोस रं चोरागत? दिसू दे मना.” आणि ती शेजारी बसली, भिंतीला पाठ, पाय लांब केलेले, सुजलेले, आणि बाळ लाथ मारतं ते बघ म्हणून त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. तो लाजला होता. आई आतून ओरडली, भाऊस आहे तो, त्याला कशाला छळतेस. चैती हसत होती. हसताना ती तोंड फार जवळ आणते, लहानपणापासूनची सवय. लहानपणी तो करवंदं मुठीत धरून तिच्यापुढं उभा राहायचा आणि ती जवळ आली की एक पाऊल मागं, आणखी जवळ आली की आणखी एक पाऊल मागं, असा अंगणभर मागं मागं सरकायचा. ती दोन्ही हात पुढं करून, हसत, धापा टाकत येत राहायची, आणि शेवटी कुडाला पाठ लागली की तो मूठ उघडायचा. कधी कधी मूठ रिकामीच असायची. तरी पुढच्या वेळी ती तशीच यायची. तिला संशय घ्यायला कधी जमलंच नाही. तिच्या केसांना तेव्हा खोबरेल तेलाचा वास यायचा आणि रविवारीही तेल लावलेलं होतं, चकाकत होतं. पण वास आला होता की नाही, कितीही डोळे मिटून बघितलं तरी त्याला सांगता येईना.

“काय करताय?” योगितानं दारातून विचारलं. रिकामी बादली तिच्या कमरेवर होती. त्याच्या हातात हिंगाची डबी होती. ती पुन्हा कधी घेतली हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

तिनं डबीकडं बघितलं. मग बादली खाली ठेवून म्हणाली, “कधीपासून?”

“माहीत नाही.”

“रविवारी?”

त्यानं डबीचं झाकण लावलं. तिनं भिंतीच्या खुंटीवरचा मास्क काढून तोंडाला लावला आणि एक पाऊल मागं झाली. नवऱ्यापासून मागं होताना तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. “आपण घेतलीय ना पण,” तो म्हणाला. “दोन्ही.”

“घेतलीय म्हणून तर धडधाकट उभे आहात,” ती म्हणाली. “होणारच नाही असं कोण म्हणालं होतं? डॉक्टर नाही म्हणाला. ते तुमचं वाक्य आहे. तुम्हीच घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं होतंत मला.”

“मंगळवारी पथक जाणार आहे पाड्यावर. या वेळी बाबा हो म्हणालाय. मी आता जाऊन सांगितलं की मलाच झालंय, तर एक माणूस बाही वर करणार नाही.”

“आणि नाही सांगितलंत तर?”

याचं उत्तर पाड्यावर, ओट्यावर पाय पसरून बसलेलं होतं. योगितानं कपाटातून स्वतःला शिक्षिका म्हणून सर्वेक्षणासाठी मिळालेलं, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं, पुसलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंबऱ्यावर ठेवलं आणि बाजूला झाली. “आत जाऊ नका. लांबूनच सांगा. आकडा खाली आला तर थांबायचं नाही, लगेच जव्हारला आणायचं. घरातल्यांनाही तिच्यापासून लांब ठेवा. ऐकताय ना?” तो वाकून पिशवी उचलत होता. इतकी वर्षं संसार करून ती दोघं प्रथमच असं एकमेकांच्या हाताला हात न लावता देत-घेत होती.

रस्त्यानं त्याला सगळं नेहमीसारखं दिसत होतं आणि म्हणूनच भीती वाटत होती. उतारावर ठिकठिकाणी राब धुमसत होते. एका वळणावर धुराचा लोट रस्त्यावर आडवा आला आणि तो डोळे बारीक करून त्यातून गेला, पलीकडं निघाला, आणि त्याला वाटलं आपण धुरातून गेलोच नाही, धूर कुणी दुसऱ्यानं बघितला. मोखाड्यात पोलिसानं अडवलं. कचेरीचं ओळखपत्र दाखवताच, “दोन्ही झाले ना साहेब? मग काय, जा,” असं म्हणून सोडलं. गोकुळला त्याचा राग आला. अडव की, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. अडवलं असतं तर परत फिरता आलं असतं, आणि परत फिरायला त्याला कारण हवंच होतं. नुसती सर्दीसुद्धा असेल. नाक काय, चोंदतं. चैती तरुण आहे, काटक आहे, तिला काही झालं नसेलही. मंगळवारी पथक जाईल, पाच-पंचवीस माणसं तरी टोचून घेतील, मग सांगावं. बुधवारी सांगावं. पोशेऱ्याच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली, झुडपातलं एक पिकलं करवंद तोडून तोंडात टाकलं. आंबटगोडाचा एक अंधुक चुरचुरीतपणा जिभेच्या कडेला लागला, त्याच्या मागं काहीच नव्हतं. तो थुंकला आणि गाडीला लाथ मारली.

खालच्या वळणावर त्यानं गाडी मुद्दाम बंद केली, कुणी आवाज ऐकून बांबू उचलायला धावू नये म्हणून, आणि उरलेली वाट ढकलत नेली. पण त्यांनी आधीच ऐकलं होतं. सुकऱ्याबाबा स्वतःच करंजाखाली उभा होता, डोक्याला फडकं, हातात बिडी, आणि त्याला बघून सगळं तोंड सुरकुत्यांनी भरून हसला.

“आज कसा रं? रईवार उद्या ना?”

“बाबा, तठंच थांब!” गोकुळ ओरडला. मास्कमुळं आवाज घुसमटला. “बांबू उघडू नको!”

“काय म्हणतोस? तोंडावरचा काढ आधी, आयकू येत नाय.” म्हातारा बांबू खांद्यावर घेऊन वर करायला लागलाही होता. शेतातल्या झोपड्याच्या दारात माघ्या उठून उभा राहिला आणि त्यानं लांबूनच हात हलवला. “दादा, माझं दिस भरलं! उद्या मनाही घेणार आत!”

“नको, बाबा! ठेव तो खाली! मना लागलाय तो आजार! मना!”

सुकऱ्याबाबा थांबला. बांबू त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. त्यानं गोकुळच्या दंडाकडं बघितलं, जिथं सुई गेली होती तिथं. मग तो पुन्हा हसला, पण आता कमी. “तुना कसा लागंल? तू त बांधलेला.”

“तसा नसतंय बाबा. मी चुकीचा सांगितला. लागतंय. टोचून घेतला तरी लागतंय, माणूस मरत नाय सहसा, एवढाच. ज्यानं घेतली नाय त्याला...” एवढं मोठं वाक्य, त्यात ‘पण’ आणि ‘तरी’, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर ते ओळखीचं झाकण हळूहळू पडताना त्यानं इतक्या लांबूनही बघितलं. यंत्राची पिशवी त्यानं करंजाखालच्या दगडावर ठेवली आणि मागं सरला. “चैती कशी आहे? तेवढा सांग आधी. ताप आहे का तिला?”

“ताप कशाचा? बरी आहे ती. सुस्तावली जरा. दिस भरत आले का सुस्तावतंच बाई. आन तुझे बोंबील!” विषय बदलला म्हणून म्हाताऱ्याला बरं वाटलं. “काल तुझे आयेनं भाजले, त वास पार वरचे घरापावेतो. कुत्रे येऊन बसले दारात. तुझी बहीण मात्र...”

“दादा!”

चढावरून चैती उतरत होती. एक हात कमरेवर, एक हात वर करून, पोट पुढं, सावकाश. मध्ये एकदा थांबली, आंब्याच्या खोडाला धरून श्वास घेतला, आणि पुन्हा उतरू लागली. गोकुळ ओरडला.

“आत जा, चैती! घरात जा!”

“काय आणलास? आज तरी वासाचे बोंबील आणलेस का?” ती वरूनच बोलत येत होती, हसत, शब्दाशब्दाला दम घेत. “तुना फसवला रं त्या बाईनं. नुसता लाकूड होता तो. ना वास ना काय. आये म्हणते, सगळे पाड्याला येतो वास, तुनाच कसा नाय? मी सगळ्यांना वाटून टाकले, घरोघर.”

सुकऱ्याबाबा तिला वाट द्यायला बाजूला झाला. बांबू वरच होता. गोकुळ एक पाऊल मागं सरला. ती बांबूखालून वाकून आली. तो आणखी एक पाऊल मागं सरला, हाताची मूठ घट्ट झालेली, आणि त्या मुठीकडं बघून तिचा सगळा चेहरा उजळला. तिला आठवलं होतं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

“पळू नको रं दादा,” ती म्हणाली, “आता मना पळवत नाय,” आणि येत राहिली.